पोपटाचं टक्कल

१८ फेब्रुवारी

दादा,

पोपट गाव सोडून गेला नव्हता.

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी हे वाच. त्याचं टक्कल केलं होतं. हरेल त्याला रिंगच्या मधोमध खुर्चीत बसवायचं आणि मशीन फिरवायचं, एवढीच अट होती. गाव, घर, पुन्हा तोंड न दाखवणं, यातलं काहीसुद्धा नव्हतं. काल दुपारी मी माझ्या कानांनी ऐकलं. कॅसेट तीनदा मागे नेली. चौथ्यांदा नेताना बॉयलरवाला म्हणाला, "हेड झिजेल माझ्या व्हीसीआरचं. काय झालंय काय तुला?"

काय सांगू त्याला?

सात वर्षांत घरी हे पहिलं पत्र, आणि ते एका टकलावर. हस तू. पण मला हसू येत नाहीये. काल रात्रीचं जेवलो नाही, आज इस्त्रीच्या रोलरवर चादर तिरकी घातली, मुकादमानं आईवरून शिवी दिली तरी मान वर केली नाही. फोन केला असता, पण माझ्या तोंडून शिव्याच निघाल्या असत्या आणि तू ठेवून दिला असतास. आईला तर फोनवर ऐकू येत नाही. म्हणून हे दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. माझं अक्षर तुला माहीत आहे. सातवीत दोनदा बसलेल्या माणसाचं जसं असायचं तसं आहे. लावून लावून वाच.

सांगतो कसं झालं ते. मी लाँड्रीत आहे. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुतो आम्ही, दिवसाला चार-पाच हजार. खाली बॉयलर आहे, त्याची वाफ वर येते. तो सांभाळणारा म्हातारा म्हणजे बॉयलरवाला. एकटाच राहतो. काल सुट्टी होती तर म्हणाला, ये जेवायला, तुला माझा खजिना दाखवतो. मला वाटलं दारू असेल. कपाट उघडलं तर कॅसेटी! नव्वद सालापासूनच्या. तेव्हा तो परदेशात कामाला होता, तिकडे ती कुस्ती टीव्हीवर अशी सहज लागायची नाही म्हणे. एका दिवसाच्या खेळासाठी केबलवाल्याकडे वेगळे पैसे भरायचे, तेव्हा तो घरच्या पडद्यावर उघडायचा. हा बायकोशी भांडून भरायचा आणि एकीकडे टेप करून ठेवायचा. बायको गेली, कॅसेटी राहिल्या. असं तोच म्हणाला, मी नाही.

मी कॅसेटींच्या पाठीवरची नावं बघत होतो आणि एका खोक्यावर तोच फोटो. आपण नावं ठेवलेले ते दोघं पैलवान, हिरव्या चड्डीतला पोपट आणि त्याच्या मागे पोटाळ रांजण, हात कमरेवर ठेवून. दादा, मला वाटलं कुणीतरी मला टेलरकाकांच्या खोलीत परत नेऊन बसवलं. चिंध्यांच्या गाठोड्यावर. तुझ्या पायाशी.

आठवतंय ना? तू चौदाचा, मी अकराचा. टेलरकाकांच्या भाच्यानं कुठूनतरी कॉपीची कॉपी आणलेली. चित्र असं, की माणसाला तीन सावल्या. अख्खी गल्ली खोलीत. भाषा कुणाला येत नव्हती आणि तू सहा महिने इंग्रजीच्या शिकवणीला गेलेलास, म्हणून तुला टीव्हीशेजारी स्टुलावर उभं केलं. त्या दिवसापासून तू "दुभाष्या" झालास. रांजण माईकमध्ये पाच मिनिटं गरजला आणि तू म्हणालास, "तो म्हणतो, याला सोडणार नाही."

टेलरकाका म्हणाले, "अरे, एवढं लांबलचक बोलला तो, आणि तू चारच शब्द?"

"काका, त्यांची भाषाच तशी आहे. शब्द भाराभर, अर्थ चिमूटभर."

किती हसले होते सगळे! मला तर वाटलं, माझ्या दादासारखा हुशार जगात नाही.

मग तू हात वर केलास. म्हणालास, "गप्प बसा. अट घालतायत. या गावात दोघांना जागा नाही. आज जो हरेल त्यानं गाव सोडायचं. पुन्हा कुणाला तोंड दाखवायचं नाही."

मी मुतायला उठलो होतो, तो तसाच बसलो.

पोपट हरला. दोन्ही हात डोक्यावर ठेवून त्या लांब वाटेनं निघाला, मागे वळून वळून बघत. आणि तिथं कॅसेट संपली. खरखर. तू म्हणालास, "गेला. शब्द पाळला पठ्ठ्यानं." मी रडलो. रात्री आईच्या कुशीत जाऊन विचारलं, आता त्याला कुणाकडे राहावं लागेल?

दादा, हात डोक्यावर का होते सांगू? केस वाचवत होता तो! पळून चालला होता! बॉयलरवाल्याची टेप पुढे चालते. दोघंतिघं जण त्याला धरून मागे आणतात, खुर्चीत बसवतात, मशीन चालतं, गुळगुळीत करतात. आणि शेवटी पोपट स्वतःच्या टकलावरून हात फिरवतो आणि हसतो. हसतो रे! लोक टाळ्या वाजवतात.

मला भाषा येते आता. इथं सगळ्या प्रांतांचे लोक, मुकादम इंग्रजीतच बोलतो, सात वर्षं त्याच भाषेत शिव्या खाल्ल्यात. पोटातून येते. अटीत 'गाव' हा शब्दच नाही.

आणि आपण त्याच अटीवर गच्चीवर खेळलो. टाकीच्या बाजूला, दुपारी तीन वाजता. मी एकोणीसचा, तू बावीसचा. दुकानात दोघांना जागा नाही, एकच डाव, हरेल त्यानं गाव सोडायचं, असं तू म्हणालास. माझी पाठ लागली, तूच एक-दोन-तीन मोजलंस, आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसलो.

मला एकच सांग. तुला माहीत होतं का? तेव्हा नाही, तर नंतर तरी कधी कळलं होतं का, की अशी अटच नव्हती? हो किंवा नाही. बाकी काही लिहू नकोस.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोचलं असणार. पाच दिवसांत पोचतं, मी पोस्टात विचारलं. तू वाचून खणात टाकलं असशील. कुकरच्या शिट्ट्या आणि रबरी रिंगांच्या खणात.

आपल्याच दुकानाचं सांगतोय म्हणून हसू नकोस, पण मला अजून सगळं दिसतं. एक माणूस बसला की दुसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. बाबा स्टोव्हला पंप मारायचे, दुरुस्त केलेला कुकर चढवायचे आणि शिट्टीची वाट बघत गिऱ्हाइकाशी बोलायचे. दिवसभर शिट्ट्या. आई मागच्या खोलीत. तिचे कान त्यानंच गेले, असं मी म्हणायचो आणि बाबा म्हणायचे, "नाही, तिनं माझं ऐकणं आधीपासूनच बंद केलं होतं."

तू उत्तर देत नाहीस म्हणजे तुला माहीत होतं. मी असंच धरतो.

मग आता ऐक. तुझ्या लग्नाला मी आलो नाही. तुझी मुलगी मी बघितलेली नाही, तिचं नावसुद्धा मुकादमाच्या फोनवर ऐकलं. आणि बाबा गेले तेव्हा आलो नाही. तू इथं फोन केलास, मुकादमानं मशीन बंद करून सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझा बाप गेला." मी म्हटलं, "बरं." त्याला वाटलं मला भाषा समजली नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, हातवारे करून, डोळे मिटून, मान टाकून दाखवली. मी पुन्हा म्हटलं, "बरं." आणि चादर उचलली.

नियम म्हणजे नियम, असं म्हटलं मी. हरलोय तर तोंड दाखवायचं नाही. आणि तो नियम नव्हताच! एका टकलासाठी मी बापाला खांदा दिला नाही. हे वाक्य मी दहा दिवस डोक्यात फिरवतोय, कुठूनही धरलं तरी हातात येत नाही. तुला येतं का बघ.

इथं चादर घडी करायला समोर माणूस लागतो. माझ्या समोर एक बाई असते, आईपेक्षा थोडी लहान, तिला सगळे ताई म्हणतात तशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. दोन कोपरे तिच्याकडे, दोन माझ्याकडे, पुढे यायचं, कोपरे जुळवायचे, मागे जायचं. दिवसाला आठशे वेळा. माझ्या हातून कोपरा तीनदा सुटला तेव्हा तिनं विचारलं, काय झालंय? मी सगळं सांगितलं. कुस्ती, अट, टक्कल, बाबा. ती आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, "पण गावाच्या वेशीवर तुला अडवायला कोणी उभं होतं का?"

मी म्हटलं, "शब्द दिला होता."

"एकोणीस वर्षांच्या पोरानं गच्चीवर दिलेला शब्द? आणि बाप मेला तेव्हा तू किती वर्षांचा होतास?"

"तेवीस."

"मग तेविसाव्या वर्षी काय झालं?"

तिला काय कळतंय. मी ट्रॉली घेऊन खाली गेलो.

तुझं हो-नाही अजून बाकी आहे. लिही.

भिंगरी


१३ मार्च

दादा,

आज तुला विचारत नाही. आज मीच सांगतो, कारण ते आत ठेवलं की झोप लागत नाही आणि सांगितलं की काय होईल माहीत नाही.

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. अट तू घातली नव्हतीस. गच्चीवर तू फक्त म्हणाला होतास, "दुकानात दोघांचं पोट भरत नाही, काय करायचं ते ठरवू." तू बोलायला वर बोलावलं होतंस. कुस्ती माझ्या डोक्यातून आली. "हरेल त्यानं गाव सोडायचं," हे मी म्हटलं. तू हसलास. म्हणालास, "अजून पोपटातच आहेस का रे?" मी शर्ट काढला तेव्हा तुझं हसू गेलं.

आणि दुसरं.

तू मला पाडलं नाहीस. तुझ्या हातात जोर होताच कुठे? लहानपणापासून मी तुला पाच वेळा तरी चितपट केलंय, गल्ली साक्षीदार आहे. त्या दिवशी तुझा हात माझ्या मानेवर आला आणि मी गुडघा सोडून दिला. आपणहून. पाठ टेकवली आणि आभाळाकडे बघत पडून राहिलो. तू मोजायला लागलास ते किती हळू मोजलंस! एक... दोन... मी कान लावून होतो, की हा तीन म्हणतो की नाही. तीन म्हटलंस आणि मला इतका आनंद झाला दादा, की तो लपवायला मी डोळ्यांवर हात घेतला. तुला वाटलं असेल रडतोय.

मला जायचं होतं. मला त्या दुकानात बसायचं नव्हतं. बाबांच्या पाठीसारखी पाठ मला नको होती. पण "जातो" म्हणायची हिंमत नव्हती, कारण आई विचारेल का, बाबा विचारतील कुठे, आणि माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. हरलो म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही. पायाला भिंगरी म्हणून नाव पडलं माझं, आणि घरातून निघायला मला नुरा कुस्ती खेळावी लागली. तीही एकट्यानं ठरवलेली.

म्हणजे बघ, टेपमधल्या त्या दोघांना तरी आधी माहीत असतं की कोण पडणार. बॉयलरवाल्यानं सांगितलं मला, सगळं ठरलेलं असतं, पण पडणाऱ्याला लागतं ते खरंच लागतं. मी विचारलं, मग तू पैसे भरून का बघायचास? तो म्हणाला, "ठरलेलं असलं तरी पडणं जमावं लागतं. चांगला पडणारा शंभरात एक."

आता तिसरं. हे कुणाला सांगितलेलं नाही, ताईलापण नाही.

बाबा गेले त्या दिवशी "बरं" म्हटल्यावर मी चादरी घडी केल्या, तास-दीड तास. मग कपडे बदलून बसस्टँडवर गेलो. तिकीट काढलं. खिडकीची जागा मिळाली. गाडीत बसून मी विचार करायला लागलो की पोचल्यावर काय होईल. तू दारात असशील. आई असेल. कार्य आटोपेल. मग कुणीतरी म्हणेल, "आता तू इथंच राहा, दादाला एकट्याला झेपायचं नाही." आणि मला नाही म्हणता येणार नाही. आणि बाबांच्या जागी बसायला लागेल. कंडक्टर मोजत मागे येत होता. मी उठलो, त्याला वाट दिली आणि मागच्या दारानं उतरलो.

उतरल्या उतरल्या मला नियम आठवला. आधी नाही. उतरल्यावर. तोंड दाखवायचं नाही ना, मग ठीक आहे, असं म्हणत लाँड्रीत परत आलो. तीन वर्षं त्या नियमाला धरून जगलो. आणि आता कळतंय की तो नियम कुणी केलाच नव्हता. कॅसेट बघून मला धक्का बसला तो त्याचा. पोपटाचा नाही. माझ्या पाठीमागची भिंतच कुणीतरी काढून घेतली.

तू मला माफ कर असं लिहिणार होतो. खोडलं. उत्तर दिलंस तर दे.

भिंगरी


२ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. एवढंसं. कुकरच्या दोन पावत्यांच्या मागे, बारीक अक्षरात. ते मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. आत्ता समोर ठेवून लिहितोय, कारण मला अजून वाटतं मी चुकीचं वाचतोय. म्हणून तुझीच वाक्यं उतरून काढतो. चुकत असेन तर सांग.

तू लिहिलंयस: "तुझी तिन्ही पत्रं मिळाली. मला काहीच माहीत नव्हतं. त्या शिकवणीत मी एबीसीडी आणि 'माझी गाय' एवढंच शिकलो होतो. टीव्हीतलं एक अक्षर समजत नव्हतं. माणूस डोक्यावर हात घेऊन असा मागे बघत कधी चालतो? घर सुटलं की. म्हणून तसं सांगितलं. टेलरकाकांचं मशीन थांबलं. माझ्या बोलण्यानं काहीतरी थांबलं असं त्याआधी कधी झालं नव्हतं."

इथपर्यंत ठीक. म्हणजे नाही. उत्तर नाही असं आहे. मी सहा आठवडे ज्याच्यासाठी जळत होतो ते उत्तर आलं आणि मला काहीच वाटलं नाही, कारण खाली हे आहे:

"गच्चीवर मीही पडायलाच आलो होतो. शिकवणीच्या सरांनी शहरात गेस्टहाऊसवर काउंटरची नोकरी बघितली होती. माझी बॅग गच्चीच्या दाराआड ठेवलेली होती. तू आधी पडलास. मी हळू मोजलं, म्हटलं हा उठेल. उठला नाहीस. गेली सात वर्षं मला तू गेल्याचा राग नाही. माझी हार तू पळवलीस, त्याचा आहे."

दादा, मी डोळ्यांवर हात घेऊन आनंद लपवत होतो आणि तू वरून ते रडणं समजून बघत होतास. दोघंही. एकाच गच्चीवर. गल्लीतली पोरं बघत असती तर म्हणाली असती, हे दोघं काय एकमेकांना उचलतायत की झोपवतायत?

हे वाचून मी जिन्यात बसलो. मग उरलेलं वाचलं.

"आता दुसरं. आईला तुझं पत्र दर महिन्याला येतं. मीच लिहितो, मीच वाचतो. तू गेल्यावर पहिले तीन महिने ती रोज पोस्टमनला विचारायची, तो बिचारा दुसऱ्या गल्लीतून जायला लागला. म्हणून एक लिहिलं. मग थांबता आलं नाही. ऐंशीच्या वर झाली. तिच्या कानाशी ओरडून वाचावी लागतात, त्यामुळे समोरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत जातात. गल्लीत तुझं नाव चांगलं आहे."

मी महिन्याला पत्र लिहितो! मी! ऐंशी पत्रं!

त्यात मी काय काय आहे ते तू थोडंसंच लिहिलंयस. मी लाँड्रीचा मुकादम आहे. मला दूध पचत नाही. मी बूट घालतो. एकदा मला बढती मिळाली तेव्हा आईनं इस्त्रीवाल्याला बोलावून ते पत्र पुन्हा वाचायला लावलं आणि पहिल्यांदा वाचताना तू पदरचं घातलेलं तुला शब्दाला शब्द आठवेना, तू घाबरलास. हे वाचून मी हसलो रे. इतक्या दिवसांनी. आणि मग या ओळी.

"बाबा गेले तेव्हा तू का आला नाहीस, हे तिला सांगायला काहीतरी पाहिजे होतं. सुट्टी मिळाली नाही हे तिनं मानलं नसतं. आजारी म्हटलं असतं तर ती तुझ्याकडे निघाली असती. म्हणून लिहिलं की रोलरमध्ये हात गेला, डाव्या हाताची दोन बोटं गेली, इस्पितळात होतो, आता बरा आहे. तुझी दोन बोटं मी घेतली. आई कधी काही बोटांवर मोजते तेव्हा आठवर थांबते."

दादा, मी जिन्यात बसून माझा डावा हात बघत होतो. पाच बोटं. हलतात. करंगळीच्या नखात साबण.

ती तीन वर्षं माझ्या बोटांसाठी रडली असेल. जी मी रोज चमच्याला लावतो, ज्यांनी कान खाजवतो. मी गाडीतून उतरलो आणि माझ्या जागी माझी दोन बोटं घरी गेली. तू ती पाठवलीस.

मी तुला काय म्हणू? खोटारडा म्हणू? मी बापाच्या मरणाला "बरं" म्हटलं, तू त्या "बरं"चं भाषांतर केलंस. तिला चालेल असं. तेव्हाही एक अक्षर तुला कळलं नव्हतं, कारण मी काही बोललोच नव्हतो. डोक्यावर हात घेतलेला माणूस बघून तू बाकीचं तुझ्या मनानं सांगितलंस.

शिट्टी झाली. जेवायची सुट्टी संपली. घरी जाऊन पुरं करतो.


त्याच दिवशी, संध्याकाळी

परत आलो. घडी करताना ताई म्हणाली, "आज हात का बघतोस सारखा?" मी म्हटलं, "मोजतोय." तिला वाटलं चादरी.

तू शेवटी लिहिलंयस: "ये म्हणत नाही, नको असंही म्हणत नाही. पण येणार असशील तर महिनाभर आधी कळव. आईचे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. बोटांचं काहीतरी लिहावं लागेल. मोठ्या डॉक्टरनं जोडली असं लिहितो. हल्ली होतं तसं."

वाचून वाटलं, लिही बाबा. होतं तसं हल्ली. दोन पत्रांत बोटं जोडशील, तिसऱ्यात त्यांना हलवशील, चौथ्यात मी येईन, आई हात कुरवाळेल, गल्ली टाळ्या वाजवेल, कुणाला काही लागणार नाही. तुला ते जमेल. तुझ्यासारखा हुशार जगात नाही हे मी अकराव्या वर्षापासून म्हणतोय.

पण नको. नको लिहूस.

मी मुकादमाला आज सांगितलं. तो म्हणाला, तीन वर्षांपूर्वी बाप मेला तेव्हा मागायची ती सुट्टी आत्ता मागतोस? मी म्हटलं, हो, तीच. त्यानं महिना दिला.

महिनाभर दुकानात मी बसतो. त्यापुढचं वचन देत नाही, मी दिलेल्या शब्दांचं काय होतं ते तू बघितलंयस. तुझी पोरगी बालवाडीत आहे, वहिनी आहे, तुला आता कुठल्या गेस्टहाऊसवर कुणी उभं करणार नाही, हे मला कळतं. पळवलेली हार परत देता येत नाही. पण महिनाभर तुला पायरीवरून उतरून कुठे जायचं असेल तर जा. एकटा जा नाहीतर त्या दोघींना घेऊन जा. नाहीतर घरीच पड. मला रिंग बसवता येते अजून, व्हॉल्व्हचं विसरलो असेन तर गिऱ्हाइकं शिकवतील.

वहिनीला माझा नमस्कार सांग. तिला तरी खरं माहीत आहे ना? का तीही माझी पत्रं ऐकते?

पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं पोचेन. या महिन्याचं पत्र अजून वाचलं नसशील तर वाचू नकोस. फाडून टाक, त्यात मी काय लिहिलं असेल ते मला कळायलाही नको. इस्त्रीवाल्याला म्हणावं, उशीर झालाय.

मी दहाही बोटं घेऊन येतोय, दादा. दारात आई दिसली की मी खाली बसेन आणि तिच्या कानाशी स्वतः ओरडेन. गाडीत बसलो होतो आणि उतरलो, हेच ओरडेन. समोरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत जाईल, टेलरकाकांपर्यंत जाईल, जाऊ दे. ती माझ्या हाताकडे बघेल, मग तुझ्याकडे बघेल. तेव्हा तू मध्ये काही सांगू नकोस.

भिंगरी